आठवा फर्मा

२ सप्टेंबर

धाकट्या,

खुशाली विचारायचा उपचार तू पाळला नाहीस, तेव्हा मीही पाळत नाही. तुझी कादंबरी पोचली. सोबत चिठ्ठी नाही, दोन ओळी नाहीत. पहिल्या पानावर फक्त सही आहे, तीही अनोळखी वाचकाला करून देतात तशी. सख्ख्या बहिणीला आडनावासकट सही करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

आधी चुका सांगून टाकते, म्हणजे डोक्यातून जातील. तुझ्या पुस्तकातली आई सारखी खिडकीत उभी राहून रस्त्याकडे बघते. आपल्या वरच्या खोल्यांना रस्त्याकडची खिडकी कधी होती? होती ती एक, खाली बाबांच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात, आणि तिच्यासमोर कागद कापायचं कटिंग मशीन. तिथे उभं राहायचं तर आईला मशीनवर चढावं लागलं असतं. तुझा मुलगा तापात पडल्या पडल्या छताकडे बघतो आणि त्याला छतावर नकाशे दिसतात. तुला असा ताप एकदाच आला, आणि तेव्हा तू छताकडे बघत नव्हतास, माझ्या अंगावर ओकत होतास.

मी कॉलेजात साहित्य घेतलं होतं हे तू विसरला असशील. मी विसरलेले नाही. तेव्हाही पुस्तकांतली मुलं अशीच असत. बाप कठोर, आई हळवी, मुलगा एकटा आणि हुशार. बहीण असलीच तर मागे भांडी घासत असते. मुलगा नकाशे बघत असताना पाणी कोण भरत होतं, हे एकाही लेखकाला विचारावंसं वाटत नाही. तुझ्या दोनशे चोवीस पानांत मला तीन वाक्यं आहेत. त्यातली दोन ‘अभ्यास कर’ अशी आहेत. तिसऱ्यात मी ‘काठीसारखी’ उभी आहे.

असो. काम वेगळं आहे.

बाबांना पुस्तक आल्याचं कळलं. कसं, ते विचारू नकोस. पोस्टमनने खालूनच ओरडून सांगितलं. त्यांचे डोळे गेलेत हे तुला मी चार वर्षांपूर्वी कळवलं होतं. आता उजवा कानही चाललाय. डॉक्टर म्हणाले, डावा हिवाळाभर साथ देईल, पुढचं सांगता येत नाही. बाबांनी पुस्तक हातात घेतलं, पाठीवरून अंगठा फिरवला, उघडून वास घेतला आणि म्हणाले, “शिलाईचं आहे. चिकटवलेलं नाही. बरं झालं.” मग म्हणाले, “रोज चहानंतर वाचून दाखव. घाई नको.”

आता तू मला सांग, नवव्या प्रकरणाचं मी काय करू? बाप मुलाची वही मशीनखाली धरतो, मुलाच्या डोळ्यांत बघतो आणि पातं खाली ओढतो, ते प्रकरण. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाला चहानंतर हे वाचून दाखवायचं? तू आणि तुझा प्रकाशक दोघांनी मिळून सुचवा. नाहीतर तू स्वतः ये आणि वाच. सदतीस वर्षांत दोनदा आलास, तिसऱ्यांदा आलास तर जिना मोडणार नाही.

ताई


१९ सप्टेंबर

धाकट्या,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ‘जे लिहिलंय ते वाच.’ चार शब्द. लेखकाला चार शब्दांवर भागवता येतं हे कादंबरी लिहिताना का नाही सुचलं?

वाचन चालू आहे. बाबा ऐकतात आणि मध्ये मध्ये बोलतात. तू शाळेच्या भिंतीवरून उडी मारलीस तिथे म्हणाले, “ती भिंत याच्यापेक्षा बुटकी होती.” आई कपडे शिवताना गुणगुणते तिथे मला थांबवलं आणि ते पान परत वाचायला लावलं. आई निघून गेल्याला बेचाळीस वर्षं झाली, मावशीच्या गावी ती वारली त्यालाही अकरा झाली, पण हा माणूस तिचं नाव अजून काढत नाही. त्या पानावर मात्र म्हणाला, “हे बरोबर लिहिलंय. ती अशीच करायची.” मला वाटलं, झालं, आता रडतील. रडले नाहीत. चहा गार झाला म्हणून माझ्यावरच डाफरले.

तुझ्या कादंबरीतल्या मुलाबद्दल ते तुझं नाव घेऊन बोलत नाहीत. “तो पोरगा” म्हणतात. काल विचारलं, “त्या पोराचं पुढे काय होतं?” मी म्हटलं, “पुढे वाचू तेव्हा कळेल.” म्हणाले, “नाही, मोठा झाल्यावर बरा असतो ना?” याला मी काय उत्तर द्यायचं?

मंगळवारी आणि शुक्रवारी मला विद्यापीठाचे बांधून झालेले प्रबंध पोचवायला जावं लागतं. ते दोन दिवस समोरचे घड्याळदुरुस्तीवाले वाचायला येतात. माणूस भला आहे, पण नाटकात काम करत असल्यासारखा वाचतो. संवाद आला की आवाज बदलतो. बाईचा संवाद असला की खुर्चीतल्या खुर्चीत पदर सावरतो. त्यांच्या हाती नववं प्रकरण पडलं असतं तर बापाचं काम त्यांनी किती रंगवलं असतं, याचा विचारही करवत नाही.

तेव्हा त्याचा मी बंदोबस्त केला आहे. कसा ते विचारू नकोस.

तुझ्या ‘जे लिहिलंय ते’बद्दल मला एवढंच म्हणायचं आहे. तू ते पाहिलेलं नाहीस. वही कापली गेली तेव्हा तू शाळेत होतास. घरी आलास तेव्हा मशीनशेजारच्या रद्दीत तुकडे पडले होते आणि बाबा मशीनपाशी उभे होते, एवढंच. ‘डोळ्यांत बघितलं’ कुठून आणलंस? ‘कागद तो कागद’ असं बाबा कधी म्हणाले? वाक्य चांगलं आहे, मान्य. पण ते तुझं आहे, त्यांचं नाही.

त्या दिवशी मी कॉलेजात होते, त्यामुळे मला याहून जास्त सांगता येत नाही.

ताई


७ ऑक्टोबर

धाकट्या,

तुला प्रकाशकाचा फोन आला असेल. आला नसेल तर येईल. त्याआधी माझ्याकडून ऐक.

मी तुझ्या पुस्तकातला आठवा फर्मा काढला. सोळा पानांचा एक फर्मा, असे चौदा फर्मे शिवून तुझं पुस्तक झालंय. नववं प्रकरण जवळजवळ सगळंच आठव्यात बसलं होतं. मी कव्हर सोडवलं, दोरा कापला, तो फर्मा बाजूला काढला, बाकीचे तेरा परत शिवले आणि कव्हर पहिल्यासारखं बसवलं. दीड तासाचं काम. बाबांनीच शिकवलेलं. कोणाला डोळ्यांनी पाहून कळलं नसतं, याची मला खात्री आहे. बाबा डोळ्यांनी पाहत नाहीत, एवढंच मी धरलं नव्हतं.

अडचण एकच होती. फर्मा काही प्रकरण बघून संपत नाही. त्यामुळे एकशे बाराव्या पानाच्या शेवटी तुझा मुलगा जेवायला बसतो, ताट पुढे ओढतो, आणि त्यापुढच्या ओळीत गाडी सुटते. नेमका शुक्रवार होता. मी परत आले तेव्हा घड्याळवाले पुस्तक डोळ्यांशी धरून बसले होते.

“ताई, हा मुलगा इथे जेवत होता. एकदम गाडीत कसा?”

मी म्हटलं, “हल्लीच्या कादंबऱ्या अशाच असतात. मधलं वाचकाने समजून घ्यायचं.”

“हां, नवीन पद्धत!” ते खूश झाले. “मला वाटलं ताट घेऊनच गाडीत बसला.”

बाबा म्हणाले, “आण इकडे.”

पुस्तक मांडीवर उभं धरलं. वरच्या अंगाने नख फिरवत एकेक घडी मोजली. मग पाठ दाबली. मला घाम फुटला. एकसष्टाव्या वर्षी, प्रगतिपुस्तक दाखवताना फुटायचा तसा.

“नवीन पद्धत बिद्धत काही नाही,” बाबा म्हणाले. “पाठ चौदाची आहे आणि पोट तेराचं. फर्मा गळलाय. माझ्या पोराचं पुस्तक आणि बांधणाऱ्याने फर्मा गाळला!”

माझ्या पोराचं. सदतीस वर्षांत हा शब्द मी ऐकला नव्हता. आणि ऐकला तो असा.

मग त्यांनी मला कागद घ्यायला लावला. प्रकाशकाला पत्र. ते सांगणार, मी लिहिणार. ‘आपल्या बांधणी विभागाकडून आठवा फर्मा गळाला आहे, पूर्ण प्रत त्वरित पाठवावी.’ मी मुकाट्याने लिहीत होते, कारण ते टाकायला मीच जाणार होते आणि ते कुठे टाकायचं हे मी ठरवलं होतं. पण घड्याळवाल्यांना कुठली आली सबुरी. पुस्तकावरचा नंबर बघून त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडच्या बाईंनी फारच दिलगिरी व्यक्त केली. म्हणाल्या, त्या लॉटवर कोण होतं ते शोधतो, आधीही त्याची एक तक्रार होती, आता ठेवत नाही त्याला.

घड्याळवाल्यांनी हे विजयी चेहऱ्याने सांगितलं. बाबांचा चेहरा पडला.

“तसं करू नका म्हणावं,” ते म्हणाले. “परत लावा फोन.”

“अहो बाबासाहेब, चूक त्याची—”

“चूक असू दे. हातात दिवसाला दोन हजार फर्मे येतात. माणूस न बघता काम करतो. माझ्याच हातून झालंय तसं. रद्दीबरोबर माझ्या पोराची वही गेली मशीनखाली, मला कळलंसुद्धा नाही. नंतर तुकडे दिसले. त्याने विचारलं, तुम्ही कापलीत? काय सांगणार? मशीनवर मीच होतो.”

मी पेन खाली ठेवलं. कोणाचं लक्ष नव्हतं.

धाकट्या, तू समजतोस बाबांनी वही मुद्दाम कापली. मी समजत होते, आपण कापली नाही हे बाबांना माहीत आहे, आणि बोलायची सवय नाही म्हणून गप्प राहिलेत. आज कळलं, ते बेचाळीस वर्षं समजतायत की वही त्यांच्याच हातून गेली.

यापुढचं आज लिहिणार नाही. मला संताप आलाय आणि तो कोणावर काढायचा हे ठरायचं आहे.

ताई


११ ऑक्टोबर

धाकट्या,

ठरलं. माझ्यावर.

मी त्या दिवशी कॉलेजात नव्हते. मागे तसं लिहिलं ते खोटं होतं. वही मी कापली.

आता खुर्चीवरून उठू नकोस, पुढे वाच. वाचायचा सल्ला तूच मला दिला होतास.

आई गेली त्या दिवशी तिची पिशवी मी भरली. ती जाणार हे मला आठ दिवस आधी माहीत होतं. तिनेच सांगितलं होतं. तिला या घरात, त्या बांधणीच्या सरसाच्या चिकट वासात, बाबांच्या न बोलण्यात जगवत नव्हतं. मला तिने विचारलं, येतेस का. मी म्हटलं, माझी परीक्षा आहे. एकोणीस वर्षांची होते, पदवीचं दुसरं वर्ष. तुझं काय करायचं, हे आम्ही दोघी बोललोसुद्धा. आई म्हणाली, मावशीकडे त्याच्या शाळेची सोय नाही, बस्तान बसलं की त्याला बोलावीन. बोलावलं नाही, ते तुला माहीतच आहे. पहाटे मी तिला खालच्या दारापर्यंत सोडलं.

त्यानंतर बाबांनी घरात येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, कोणाला माहीत होतं? मला विचारलं. मी नाही म्हटलं. तेव्हा म्हणाले, “ज्याला माहीत होतं आणि जो बोलला नाही, त्याला या घरात जागा नाही.” ओरडले नाहीत. बाबा ओरडले की मला भीती वाटत नसे. न ओरडता बोलले की वाटे.

दोन महिन्यांनी तुझं अंथरूण उन्हात टाकताना खाली वही सापडली. उघडली. तू सगळं पाहिलं होतंस. जिन्यावर, वरच्या पायरीवर बसून. तारीखवार लिहिलं होतंस, पिशवीचा रंगसुद्धा.

बाबा बाहेर कागद आणायला गेले होते. मी खाली गेले, वही मशीनखाली ठेवली आणि पातं ओढलं. दोनदा. तुकडे रद्दीत सारले. त्याच सकाळी बाबांनी रद्दीचे दोन गठ्ठे कापले होते, त्यात ते मिसळून गेले. तू परत येऊन रद्दीत हात घालशील असं मला वाटलं नव्हतं. तू काय म्हणून रद्दीत हात घातलास? कोणता मुलगा शाळेतून आल्यावर आधी रद्दी बघतो?

तू बाबांना विचारलंस तेव्हा मी वर भांडी घासत होते. ऐकू येत होतं. खाली यायला बारा पायऱ्या होत्या.

मला वाटलं, चार दिवसांत विसरशील. तू पाच वर्षं त्यांच्याशी बोलला नाहीस, मग घर सोडलंस, मग कादंबरी लिहिलीस. तुझा चिवटपणा मी धरला नव्हता. आणि मी काय केलं, तर नेमकं तेच परत केलं. नको असलेला कागद काढून टाकला, आणि मशीनपाशी असलेल्या दुसऱ्याच माणसावर ते गेलं. पहिल्या वेळी तरी वय लहान होतं.

प्रकाशकाला मी आज सकाळी फोन केला. सांगितलं की फर्मा मी काढला, तुमच्या माणसाने नव्हे. बाई म्हणाल्या, “पण का?” मी म्हटलं, लेखकाला विचारा, तो खुलासा छापून काढेल. माणसाला कामावर ठेवताहेत. मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुला आधी सांगावं असं वाटलं. का, ते मला कळत नाही, आणि कळून घ्यायला सध्या वेळही नाही.

ताई


२० ऑक्टोबर

धाकट्या,

तुझं काही उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण इथे जे झालं ते तुझ्याशिवाय पुढे सरकणार नाही, म्हणून लिहिते.

सोमवारी मी फर्मा परत शिवला आणि चहानंतर नववं प्रकरण वाचलं. सगळं. डोळ्यांत बघणं, पातं, ‘कागद तो कागद’, सगळं. आवाज बदलला नाही. बाबांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. संपल्यावर म्हणाले, “मला वाटायचं, न बघता झालं. त्याला वाटलं, मी बघून केलं.” थोड्या वेळाने म्हणाले, “त्याच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं.”

तेव्हा मी सांगितलं. उभी राहून सांगितलं. बसून जमलं नसतं.

त्यांनी पहिलं विचारलं ते हे, “काय होतं वहीत?”

“आईची पिशवी मी भरली, ते.”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“हो.”

“आणि त्यालाही. बारा वर्षांच्या पोराला.”

“हो.”

“म्हणजे घरात काय ते मलाच माहीत नव्हतं.”

मी वाट बघत होते की आता म्हणतील, जागा नाही. कपाटातली माझी बॅग कुठे आहे हेसुद्धा मनात येऊन गेलं. एकसष्टाव्या वर्षी! ते काहीच म्हणाले नाहीत. तीन दिवस. माझ्या हातचं जेवले, माझा हात धरून न्हाणीघरात गेले, पण बोलले घड्याळवाल्यांशी. घड्याळवाले बिचारे माझ्याकडे बघत, बाबांकडे बघत, आणि आमच्या भिंतीवरचं घड्याळ विनाकारण काढून पुसत.

चौथ्या दिवशी बाबा म्हणाले, “उरलेलं मला तुझ्याकडून ऐकायचं नाही.” मी म्हटलं, “बरं. ते वाचतील.” म्हणाले, “त्यांच्याकडूनही नाही. ज्याने लिहिलंय त्याने यावं.” मग म्हणाले, “आणि कादंबरी नंतर. आधी वही. वहीत काय होतं ते मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. आठवत असेल त्याला.”

तुला आठवत नाही, हे मला माहीत आहे. तुझ्या अख्ख्या पुस्तकात जिना नाही, पिशवी नाही, मी दारात नाही. तू लिहिलंयस, ‘त्या वहीत काय होतं हे आता कोणालाच माहीत नाही, ती कोणी कधी वाचलीच नाही.’ हेही चूक. मी वाचली होती, कापायच्या आधी, दोनदा. आणि त्यानंतर गेली बेचाळीस वर्षं, मनातल्या मनात.

सोबत चार पानं आहेत. माझ्या अक्षरात, पण एकही शब्द माझा नाही. शुद्धलेखनाच्या चुकाही तुझ्याच ठेवल्यात. ती घेऊन ये. गाडी सकाळी येते, खाटेवर चादर घातली आहे. मी खाली कारखान्यात असेन. वर बोलावलंत तर येईन, नाही बोलावलंत तर माझं काम पडलेलं आहे.

चौथ्या पानाची सुरुवात इथेच देते, कारण ती वाचल्याशिवाय तू पाकिटातलं बाकीचं उघडणार नाहीस, मी तुला ओळखते. आणि एकदा सांगूनच टाकते, तुझ्या त्या दोनशे चोवीस पानांत मला याच्या तोडीचं काही सापडलं नाही.

‘आईने ताईला मिठी मारली. मला मारली नाही कारण मी वरच्या पायरीवर होतो आणि अंधार होता. मी खोकलो असतो तर तिला कळलं असतं. मला खोकला येत होता पण मी दाबला. कारण मग ती गेली नसती आणि तिला जायचं होतं.’

ताई